कवडूच्या औषधाचे वाटे

कवडूचा खोकला परत आला. स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांनी तो चांगला सुधारला होता. मूल गावाकडच्या तळ्यावर पुन्हा जाळं टाकायची भाषा करत होता. आता थुंकीत रक्त. मी तेव्हा चांद्याच्या टीबी वॉर्डात नवा डॉक्टर होतो.

"डोस वाढवा," सिव्हिल सर्जन म्हणाले.

"उपयोग नाही साहेब. गणित करून पाहिलंय."

"डॉक्टर आहात की मास्तर?"

तरी मी कागद पुढे सरकवला. लाखो जंतूंत एखादा असा निघतो, की एखादं औषध त्याला लागतच नाही. बाकीचे मरतात, त्याला रान मोकळं मिळतं. कवडूच्या छातीत इंजेक्शनला न जुमानणारेच उरले होते. पण दुसरी दोन औषधं एकदम दिली, तर दोन्हींतून वाचणारा जंतू लाखोंना पुन्हा लाखोंनी गुणाल तेव्हा एखादा सापडेल. तेवढे छातीत मावत नाहीत.

साहेबांना पटलं. पीएएसची पुडी आणि आयसोनियाझिडची गोळी सुरू झाली. खाटा कमी, म्हणून औषध देऊन कवडूला घरी पाठवलं.

पुढच्या खेपेला तो बायकोच्या खांद्यावर हात टाकून आला. अंगात ताप, डोळे खोल.

"तुळसाबाई, दोन्ही औषधं घेतो ना हा?"

"सरतात ना जी. पुडी हे घेते, गोळी झिबल घेते."

"झिबल कोण?"

"यायचा लहान भाऊ. तोही खोकलून राह्यला. तळ्यातली मासोळी आमी वाटून खातो, मंग औषध एकट्यानं काऊन खायचं? कडू पुडी यायनं ठेवली, गोळी त्याले देल्ली."

दोन औषधांची जोडी फुटली होती. दोघा भावांच्या छातीत एकेकटं औषध न जुमानणाऱ्या जंतूंना पोसत होतं, आणि घरात सगळे एकाच खोलीत निजत होते.

"माहं सोडा जी," कवडू धापा टाकत म्हणाला. "त्याले गुण येऊन राह्यला."

त्याच दिवशी झिबललाही बोलावून घेतलं. दोघांना भरती करून दोन्ही औषधं समोर उभं राहून दिली. रोज थुंकी तपासताना सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायची भीती वाटे.

झिबलचे जंतू अजून गोळीने मरत होते. तो वाचला. कवडूच्या बाबतीत पुडी आधीच बाद झाली होती, मग एकटी गोळी किती पुरणार? तीही बाद झाली. तळं आटायच्या आत तो गेला.

माझं गणित चुकलं नव्हतं. ते एका छातीचं होतं, औषध मात्र घरात गेलं होतं. तेव्हापासून गोळी हातावर ठेवण्याआधी मी विचारतो, "घरात आणखी कोण खोकतं?"