न पडणारी हर्डल्स

इस्माईलभाईंनी हर्डलला सणसणीत लाथ मारली. हर्डल जागचं हललं नाही.

"बघा सर, माशाल्ला! ट्रक आदळला तरी पडणार नाही."

कळंबोलीत त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. गिऱ्हाईक सगळं ट्रकवाल्यांचं.

"भाई, हे पडायलाच पाहिजे हो," मी म्हणालो. त्यांना वाटलं, मी थट्टा करतोय.

हर्डल बाजूने पाहिलं तर L दिसतं. उभे खांब, वर आडवी फळी आणि खाली पाय. हे पाय फक्त धावत येणाऱ्याच्या बाजूला असतात. फळीला पाय लागला की हर्डल पुढे कोसळतं आणि खेळाडू वाचतो. ड्रॉइंग मी तसंच दिलं होतं. इस्माईलभाईंनी मजबुतीसाठी, प्रेमाने, मागच्या, म्हणजे पलीकडच्या बाजूलाही वीतभर पाय जोडले होते. दहाच्या दहा हर्डल्सना.

नव्वदीची सुरुवात होती. पनवेलच्या एका कॉलेजात मी कोच होतो. त्याआधी भारताकडून ११० मीटर हर्डल्स धावलो होतो. तीन देश पाहिले, पदक एकाही देशात नाही. भारताचा ब्लेझर कपाटात होता आणि थोडा डोक्यातही होता.

मागचे पाय कापायला अर्धा दिवस पुरला असता. पण प्राचार्य म्हणाले, "उद्या संस्थेचे अध्यक्ष नारळ वाढवायला येतायत. मग कापा." नारळ वाढवला, फोटो झाले. युनिव्हर्सिटीच्या स्पर्धेला तीन आठवडे उरले होते. म्हटलं, एकही दिवस फुकट नको. स्पर्धेनंतर बघू.

हा सगळा आटापिटा सुगंधासाठी होता. उरणची कोळ्याची पोर, एस.वाय.ला. तोवर ती बांबूच्या काठ्यांवरून सराव करायची. स्पर्धेत पहिली आली असती तर स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी जवळजवळ नक्की होती. तिच्या घरात पगार कोणी पाहिला नव्हता.

पहिल्याच आठवड्यात तिची वेळ बिघडली. ती फळीवरून हातभर उंच जायला लागली. हर्डल्समध्ये उंच उडी म्हणजे तोटा. हवेत जितका वेळ, तितका जमिनीवर कमी. फळीला जेमतेम चुकवून जायचं असतं.

"पतंग आहेस का? खाली ये!" मी ओरडलो.

"सर, हे पडत नाय ना. पाय आपोआप वर जातो."

तिने दुखणं नेमकं सांगितलं होतं. तिथेच मी सराव थांबवायला हवा होता. पण ब्लेझर बोलला, "आमच्या काळी लाकडी धुडं असायची. ती कुठे पडायची? भीती मोडायला हेच बरं. उद्यापासून फळी घासून जायचं."

सुगंधा गुणी पोर. सांगितलेलं ऐकायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली तीन हर्डल्स तिने अशी घेतली की मी स्टॉपवॉच बघायचं विसरलो. तसं धावणं मला आयुष्यात जमलं नव्हतं. चौथ्याला मागच्या पायाचा गुडघा फळीवर आपटला. हर्डल उभंच राहिलं. सुगंधा पलीकडे पडली. पडल्या पडल्या तिने माझ्याकडे बघितलं.

गुडघ्याची वाटी फुटली होती. डॉक्टर म्हणाले, "चालेल. धावायचं मात्र विसरा."

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तिची आई बसली होती. ती बाजारात मासळी विकायची; टोपली तशीच टाकून आली होती. मी वाकून काहीबाही बोलू लागलो. खेळात असं होतं, नशीब वगैरे. तिने ऐकून घेतलं.

"सर, मी रोज मावरं कापते. बोथट कोयता घसरतो, मना ठाव हाय. म्हून पोरीच्या हातात कदी बोथट कोयता नाय दिला. ह्ये पडत नाय, ह्ये तुमाला ठाव व्हतं ना?"

प्राचार्यांकडे बोट दाखवता आलं असतं, इस्माईलभाईंकडेही. पण बोट कुणाकडेही उचलेना.

त्याच दुपारी करवत घेऊन मी ग्राउंडवर बसलो. दहाही हर्डल्सचे मागचे पाय कापले. संध्याकाळपर्यंत आटोपलं. म्हणजे अर्धा दिवससुद्धा लागला नाही.

स्पर्धा आमच्याशिवाय झाली. सुगंधा आता आईच्या शेजारी मासळी विकायला बसते. एक पाय लांब सोडून, कारण तो पुरता दुमडत नाही. मला बघितलं की "सर, या ना" म्हणते. मी घाईत असल्यासारखं दाखवतो आणि पुढे सटकतो. लाज वाटते, दुसरं काय.

नवीन मुलांना पहिल्या दिवशी मी हर्डल ओलांडू देत नाही. पाडायला लावतो, दहाही, एकेक करून. मुलं हसतात, सर सटकलेत म्हणतात. म्हणोत. न पडणारं हर्डल शेवटी माणसाला पाडतं, एवढंच मी या धंद्यात शिकलो, आणि तेही दुसऱ्याच्या गुडघ्यावर.

त्या माउलीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र द्यायचं राहिलंय. एकाच शब्दाचं आहे. "होतं."