चिरशांती पुलाची पाटी

आमच्या लिनशी गावच्या कचेरीत छू बोआन बावीस वर्षं नकलनवीस होता. नव्या चिरशांती पुलाची पाटी आपल्यालाच लिहायला मिळणार, असं तो धरून चालला होता. मान मिळाला त्याच्या साडूला, कागद विकणाऱ्या माओ श्यूलिनला. छूचा नुसता जळफळाट झाला.

"काय हात आहे माओचा!" लोक म्हणायचे.

"बाजारू अक्षर," छू पुटपुटायचा.

त्याच वर्षी पानगळीत बादशहा वारले. शंभर दिवस हजामत बंद, लग्नं बंद, वाजंत्री बंद. मग नव्या बादशहांचं फर्मान आलं: त्यांच्या नावात 'शांती' हे अक्षर आहे, म्हणून यापुढे ते कुणी पूर्ण लिहायचं नाही, एक रेघ गाळायची. फर्मानाची नक्कल करता करता छू थबकला. पुलावर तेच अक्षर होतं, पूर्ण!

त्याने डाव्या हाताने निनावी चिठ्ठी लिहिली, 'माओने बादशहांचा अपमान केलाय', आणि साहेबांच्या दाराखालून सरकवली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यालाच बोलावलं. त्यांना घाम फुटला होता.

"पाटी मीच लावून घेतली रे. वर कळलं तर माझी नोकरी जाईल. तुझ्याइतका सफाईदार हात कुणाचा नाही. गुपचूप एक रेघ तासून टाक."

छू शिडी चढला. साहेबांनी बोलावलेला माओ खाली शिडी धरून उभा. लाकडात कोरलेली ती पाटी इतक्या जवळून छूने प्रथमच पाहिली. रेघेचं ते वळण त्याला आयुष्यभर साधलं नव्हतं. पटाशी जरा जास्त दाबली असती, तर सगळं अक्षर चिरलं असतं. शेवटी नेमकी तेवढीच रेघ काढून तो उतरला.

माओने त्याचे दोन्ही हात धरले. "दादा, तुम्ही होतात म्हणून वाचलो!"

संध्याकाळी मेव्हणी तांदळाच्या दारूचा बुधला घेऊन आली. "भावजी, कुणीतरी चुगली केली म्हणे. हात झडोत मेल्याचे!"

छूने भरलेला पेला तसाच खाली ठेवला.

मी माओचा मुलगा. वडील गेल्यावर छूकाकांनी स्वतःच मला हे सांगितलं.

"चिठ्ठीची लाज वाटते का, काका?"

"वाटते ना," ते म्हणाले. "पण खरं सांगू? तुझ्या बापाच्या हाताचा हेवा काही गेला नाही बघ."