चावडीच्या भिंतीवरची मेंढरं

पाऊस हुकत गेला, मेंढरं विकली, आणि अण्णा, माझे वडील, दुकानांच्या पाट्या रंगवून घर चालवायला लागले. मोडनिंबच्या स्टँडवर मला सोडायला आले तेव्हाही त्यांच्या नखांत निळा रंग होता. मी सोलापूरच्या कॉलेजला निघाले होते. आमच्या घरात तोवर दहावीपुढं कुणी गेलं नव्हतं. "शिक, पर हितलं इसरू नगं," एवढंच म्हणाले.

हितलं म्हणजे चावडीची भिंत. पाट्यांच्या उरलेल्या रंगातनं अण्णांनी तिच्यावर कळप काढला होता. दर घराची एक मेंढी. ज्यांची खरी मेंढरं विकली गेली, त्यांचीसुद्धा. दिवाळीत बायका ताटं घेऊन यायच्या, आपापल्या मेंढीला हळदकुंकू लावायच्या.

"माजी लंगडी काडलीस व्हय रं?"

"लंगडीच हाय की तुजी!" अण्णा म्हणायचे.

हे भांडण दरसालचं.

मी बी.कॉम. झाले तेव्हा गावातल्या पोरांनी अभिनंदनाचा फ्लेक्स करायचं ठरवलं. गाऊनमधला फोटो मीच पाठवला. कुठं लावायचा विचारलं, तर मीच म्हणाले, "चावडीच्या भिंतीवर लावा, रस्त्यावरनं दिसंल." बाजारात छापील फ्लेक्स आल्यापासून अण्णांच्या पाट्या बंद पडल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. तरी म्हणाले. खिळे अण्णांनीच ठोकले. हे आईनं मागनं सांगितलं.

सोलापुरात नोकरी लागली. टार्गेट, मीटिंग, स्कूटीचा हप्ता. दिवाळीला गावी गेले, तर बायका ताटं घेऊन माझ्या फोटोपुढं उभ्या. शेजारची काशीआत्या म्हणाली, "कुंकू कुटं लावू गं? तुज्या कपाळाला?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

मग फ्लेक्स उतरवला. वाऱ्यानं हलून हलून त्याच्या लाकडी चौकटीनं खालच्या मेंढरांचा रंग खरवडून काढला होता. काशीआत्या बोट फिरवत आपली मेंढी शोधत राहिली. "मालक गेलं, मेंढरं गेली. ही येवडी व्हती," म्हणाली. अण्णा म्हणाले, "माजा हात आता कापतुया. ब्रश तू धर."

पुढचे सगळे रविवार मी गावी गेले. अण्णा चावडीपुढं टाकलेल्या बाजेवरनं सांगायचे, मी काढायचे. पहिली मेंढी काशीआत्याची. ती बघून म्हणाली, "कुत्रं हाय की गं हे!" आणि ताट आणायला घरात गेली.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. भिंतीवर आता गावातल्या सगळ्या घरांची मेंढरं परत आहेत. खिळ्यांची भोकं मी बुजवलेली नाहीत.