एकाचं जेवण

सहा मजल्यांच्या इस्पितळात लिफ्टवाले काका एकोणीस वर्षं एका स्टुलावर बसून होते. बायको गेली आणि तीन वर्षांत त्यांचं वजन एकवीस किलोंनी वाढलं. खादाड म्हणावे तसे ते नव्हते. हाताला दोघांच्या स्वयंपाकाचा अंदाज बसलेला, आणि अन्न टाकायचं तर जिवावर यायचं. मग तिचा वाटाही तेच संपवायचे, ओट्याशी, उभ्या उभ्या.

गुडघे बोलू लागले तेव्हा त्यांनी रात्रीचं जेवणच सोडलं. महिन्यात पाच किलो उतरले. मग एक दिवस लिफ्टमध्येच डोळ्यांपुढे अंधारी आली. खाणं पुन्हा सुरू झालं, तसे गेलेले पाच किलो आणखी दोन सोबत घेऊन परतले. नंतर ते ड्यूटीआधी जिने चढू लागले. पण भूक अशी खवळायची की दोघांचं जेवणही पुरेना. काटा जागचा हलला नाही.

आहार सांगणाऱ्या ताई चौथ्या मजल्यावर बसायच्या. वर जाताना त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं.

"काका, टाळी एका हातानं वाजते का? चाला आणि जेवाही, पण मोजकं. घरी स्वयंपाक कोण करतं?"

"मीच."

"किती जणांचा?"

चौथा मजला आला होता. काकांनी दार उघडलं. "दोघांचा."

ताई बाहेर पडता पडता वळल्या. "एकाचा करून बघा," एवढंच म्हणाल्या.

जिने त्यामानाने सोपे होते. मूठभर तांदूळ पातेल्याच्या तळाशी दिसेनातच. दोनदा काकांनी जास्तीचे डब्यात परत टाकले, एकदा पुन्हा काढले. शेवटी मोठं पातेलं माळ्यावर ठेवलं आणि लहान विकत आणलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते ताट वाढून, बसून जेवू लागले. निम्मं ताट भाजी, थोडी डाळ, थोडा भात. सकाळी तीन मजले, पुढे सहा. घरी चालत.

सव्वा वर्षात अठरा किलो गेले. त्याला आता दोन वर्षं झाली, ते परत आलेले नाहीत. लिफ्टमध्ये दिवसाला शेकडो माणसं चढतात, पण सगळ्यांची नजर मजल्यांच्या आकड्यांवर. कुणी काही विचारलं नाही. वजन उतरत होतं तेव्हा परगावच्या मुलीनं मात्र व्हिडिओ कॉलवर चेहरा पाहिला आणि ती घाबरली.

"बाबा, आजारी आहात का? खरं सांगा."

"नाही गं. चालतो रोज."

"कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर असणार?"

"रविवारी निघताना फोन लावा," ती म्हणाली. "मीही इथं चालेन."

तेव्हापासून रविवारी तासभर ती कानात बोलत असते, धापा टाकत. बाकीचे सहा दिवस काका एकटेच चालतात.