मैदानाकडे पाठ

"दादा, पकडू की सोडू?"

दोन मोसम मी हे विचारत होतो. त्याने एकदाही उत्तर दिलं नाही. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, मुलुंडच्या आमच्या कबड्डी टीमचा कोच. मिल बंद पडल्यावर कारखान्यात लागला आणि संध्याकाळी आम्हाला शिकवायचा. त्याचे किस्से कोणी आठवायला बसत नाही. चहा आला की आपोआप निघतात.

*

समोरचा चढाईला आला की मी एकटाच झेप टाकायचो. दादाने पंचा घेतला आणि माझं मनगट बाजूच्या बबनच्या मनगटाला बांधलं. पुढच्याच चढाईला मी उडी मारली, बबन तोंडावर!

माती थुंकत तो म्हणाला, "संज्या, मरायचं तर सांगून तरी मर रे!"

दादा म्हणाला, "उद्यापण बांधा."

*

मग त्याने आमचं बोलणंच बंद केलं. प्रत्येकाच्या तोंडात पाण्याचा घोट. पकडायचं की सोडायचं, ते एकमेकांचा हात दाबून ठरवायचं. तेवढ्यात एक काकू आल्या. "बाळांनो, पोस्ट ऑफिस कुठे?"

सगळ्यांचे गाल फुगलेले. सात हात एकदम एकाच दिशेला! काकू गेल्या.

"पोस्ट उलटीकडे आहे, येड्यांनो! पण पहिल्यांदाच सगळे मिळून चुकलात. झकास!" असं म्हणून दादाने मला काकूंच्या मागे पळवलं.

*

मॅचला दादा खुर्ची उलटी फिरवून, मैदानाकडे पाठ करून बसायचा. पंच चिडले. "अहो कोच, झोपलात काय?"

"मी बघायला लागलो की ही पोरं माझ्याकडे बघतात, साहेब."

*

दादा कारखान्यातच गेला. जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडाच. सांगून वगैरे काही नाही.

तिरडी टीमने उचलली. वाटेत चढ होता. खांदा बदलताना कोणी 'थांब' म्हटलं नाही, 'घे' म्हटलं नाही. एकदाही हिसका बसला नाही.

मागून मामा कुजबुजले, "ही पोरं बोलत का नाहीत रे?"

*

महिन्याभरात घाटकोपरला सेमीफायनल. आमच्या सेक्रेटरींनी दादाची खुर्ची मांडली, वर फोटो, फोटोला हार. तोंड मैदानाकडे. हाफटाइमपर्यंत आम्ही नऊ पॉइंट मागे! प्रत्येक चढाईला सगळ्यांची नजर खुर्चीकडे. बबनचीसुद्धा. हातात हात होते, पण दाबत कोणीच नव्हतं.

शिट्टी वाजायच्या आत मी धावत गेलो आणि हारासकट खुर्ची फिरवली.

"अरे, वेडा झालास? भावाचा फोटो आहे तो!" सेक्रेटरी ओरडले.

मी परत आलो आणि बबनचा हात दाबला.