दिव्यावरची टिकली

आमच्या घरची गाडी आजवर जेवढे किलोमीटर धावली असेल, त्याहून जास्त कप चहा मी तिच्यासाठी केला आहे.

ती दुकानातून आली नाही, खोक्यांतून आली. आमचे हे, म्हणजे सुधाकरराव, घाटंजीला शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी सुट्या भागांची गाडी मागवली. फायबरचा सांगाडा, दोन सीट आणि स्क्रूच्या अगणित पुड्या. मोडीतल्या एका गाडीचं इंजिन आणलं आणि माझ्या पीठगिरणीमागच्या शेडमध्ये जोडणी सुरू केली. (कागदपत्रं जुन्या गाडीची आहेत. त्या विषयावर मी एवढंच लिहीन.) तीन वर्षांनी त्यातून ढगाच्या रंगाची, बिनटपाची, दोन माणसांची गाडी तयार झाली. संध्याकाळी हे नुसतेच तिच्यात बसून राहायचे. हात स्टिअरिंगवर, नजर पत्र्याच्या पलीकडे.

"कुठवर पोचले?" मी चहा देताना विचारायची.

"राळेगावच्या अलीकडे," ते सांगायचे. "जरा धुकं आहे."

गाडीचा डॅशबोर्ड त्यांनी सागवानाचा केला होता. त्यात बॅटरीचा एक लाल दिवा. किल्ली फिरवली की तो लागायचा, इंजिन सुरू झालं की विझायचा. विझला म्हणजे समजायचं, इंजिन बॅटरी भरतंय. मला त्या दिव्याचा राग होता. आत जुना तारेचा बल्ब, हात लावला तर चटका. आमच्या घरातले, गोठ्यातले, गिरणीतले सगळे बल्ब काढून मी एलईडी लावले होते. हा एकच जुना खादाड उरला होता.

हे लग्नाला वणीला गेले, त्या दिवशी मी तो काढला. नमुना म्हणून पर्समध्ये टाकला, दुकानात दाखवला आणि तस्साच एलईडी आणून बसवला. पाच मिनिटांचं काम. यांना सांगायचं मनात होतं, पण विषय निघाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो दिवा विझेना.

इंजिन सुरू केलं तरी लाल. यांनी डॅशबोर्ड उघडला, सगळ्या वायरी बाहेर काढल्या आणि प्रत्येकीला चित्रकलेच्या कागदाची चिठ्ठी बांधली. शेडमध्ये पाऊल ठेवलं की वाटायचं, कुणीतरी नवस बोलून गेलंय. दोन महिने हेच. जुन्या बसस्टँडजवळचे इलेक्ट्रिशियन नूरभाई येऊन अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी भरणारं यंत्र, काढून घेऊन गेले. दुकानात तपासलं, ठणठणीत निघालं. सगळं तपासून झालं, फक्त बल्ब सोडून. जो दिवा जळतो आहे, त्याच्यावर कोण संशय घेणार?

"डॅशबोर्डवरचं मीटरही म्हणते चार्जिंग नाही," हे म्हणाले.

"एकाच वायरीवर बसून दोघं एकच खोटं सांगत असतील," मी म्हटलं. "मशीन चांगलं होय म्हनून नूरभाईच सांगून गेले ना? मंग दिवाच खोटा." आणि मी पाकिटातून एक टिकली काढून त्या दिव्यावर चिकटवली. गोल, बरोबर मापाची. "झालं. आता रविवारी राळेगावले आत्याबाईकडे जाऊन येऊ. तीन वर्षं झाली ऐकून राह्यली मी. रस्त्यात ज्याच्यानं खोळंबा होईन, थे गुरुवारी भंगारात. मी सांगून ठेवते भंगारवाल्याले."

हे टिकलीकडे वाकले. "बरं," म्हणाले. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

रविवारी पहाटे निघालो तेव्हा खरोखरच धुकं होतं. रस्ता दहा पावलांवर संपायचा आणि आपण पोचलो की पुढे उलगडायचा. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. धुकं कुठे संपतं आणि पऱ्हाटी कुठे सुरू होते, कळत नव्हतं. हेडलाइट चालू, वायपर चालू, वळणावळणाला हॉर्न. डोक्यावर छत नाही, पदर ओला, आणि गाडी चालत नसून वाहते आहे असं वाटत होतं. टिकलीच्या कडेने लालसर उजेड झिरपत होता, निखाऱ्यावर राख धरावी तसा. हे गुणगुणत होते. मी हात बाहेर काढून धुक्यात धरला. (कशासाठी, मला विचारू नका. गिरणीवर मी असं काही करत नाही.) अर्धा तास मला दळण, वीज, दूध यातलं काहीही आठवलं नाही.

मग समोरचा उजेड पिवळा झाला. मग समईएवढा. हॉर्न घसा बसल्यासारखा बोलला. इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी आवाज न करता उतारावरून घरंगळत एका बाभळीखाली जाऊन थांबली. थेंब पडताना ऐकू येत होते.

"कुठवर आलो?" मी विचारलं.

"राळेगावच्या अलीकडे," हे म्हणाले.

नूरभाईंना फोन केला. मग आम्ही आत्याबाईंसाठी नेलेल्या दशम्या काढल्या. हे एका हाताने सागवान पुसत होते, जणू लेक सासरी धाडायची आहे.

"गुरुवारी देऊन टाकू, मंदा," ते म्हणाले. "तू बोललीच होती. दिवा फक्त राहू दे माह्याजवळ."

मला वाईट वाटलं नाही. हातातली दशमी तेवढी परत बांधून ठेवली.

धुकं वर उचललं गेलं तेव्हा शेतात कापूस वेचणाऱ्या बाया दिसायला लागल्या. त्यातली एक शेताच्या कडेला धुऱ्यावर आली. "काहून थांबले जी?"

"बॅटरी उतरली."

"मले वाटलं फोटो काढून राह्यले," ती म्हणाली आणि परत वेचायला गेली.

नूरभाई दुसरी बॅटरी घेऊन मोटारसायकलवर आले. ती जोडली, इंजिन सुरू केलं, डॅशबोर्डवर वाकले आणि नखाने टिकली उचलली. खाली दिवा लालबुंद.

"हे काय होय, सर?"

"टिकली," हे म्हणाले.

नूरभाईंनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. तिथे त्याच पाकिटातली दुसरी होती. मग त्यांनी बल्ब ओढून बाहेर काढला आणि उजेडात धरला.

"हा एलईडी कोनं लावला?"

धुकं उगाच लवकर उठलं असं मला वाटलं. "मी," मी म्हटलं. "कमी खाते थो."

"भाभी, त्याले खायलेच लावलं होतं तिथं. ह्या बल्बातून जरासा करंट मशीनले जाते, तवा ते जागं होते. दह्याले विरजन लागते ना? तसं. तुमचा हा उपाशी, तं पुढं काय देईन? मशीन दुकानात चांगलं चाललं, कारन तिथं माहा बल्ब होता." त्यांनी हात पुढे केला. "जुना कुठं फेकला?"

मी काही फेकत नाही. पर्स उघडली. सेफ्टी पिना, टिकल्यांचं पाकीट, गिरणीची किल्ली आणि तळाशी तो काळपटलेला, चटके देणारा बल्ब. दोन महिने यांनी ज्याच्यासाठी गाडी उकलली, ते औषध माझ्या मांडीवर बसून राळेगावला निघालं होतं. आणि विरजण म्हणाल, तर अख्खी गल्ली माझ्याकडून नेते!

बल्ब बसला. इंजिन सुरू झालं. दिवा मिणमिणला, जरा विचार केला आणि विझला. हे त्या विझलेल्या दिव्याकडे असे बघत होते, जसं लोक लागलेल्या दिव्याकडे बघतात. राळेगावपर्यंत फक्त गुणगुणत होते, आणि आत्याबाईंना उरलेल्या दोन दशम्या मिळाल्या.

गुरुवारी भंगारवाला दारात येऊन उभा राहिला. मीच सांगितलं होतं. "वहिनी, काय न्यायचं होतं?"

यांनी पेपर खाली केला, शेडकडे पाहिलं, मग शांतपणे माझ्याकडे पाहिलं आणि पेपर वर केला.

तेव्हापासून दर गुरुवारी गल्लीच्या तोंडाशी 'भंगाऽऽर' ऐकू आलं की मी गिरणीत जाते आणि आतून कडी लावून घेते. दळण असो वा नसो.