हात माझ्याजवळ होते

वृत्तवाहिनीत तिला सगळे ‘चौकट’ म्हणायचे. दुपारच्या बातम्यांत पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत उभी राहून ती ऐकू न येणाऱ्यांसाठी हातांनी बोलायची, म्हणून. त्या लोकांत मात्र तिला वेगळं नाव होतं. त्यांच्यात नाव उच्चारत नाहीत, नावाची खूण करतात. तिची खूण म्हणजे हनुवटीवर टेकवलेलं बोट, तिथल्या तिळावरून. ही खूण तिच्या दादाने दिलेली. दादाचे कान तिसऱ्या वर्षी तापात गेले. ही त्याच्या पाठची. बोबडे बोल फुटायच्या आधीच हिचे हात बोलू लागले होते.

पंधरा वर्षं तिने एक नेम पाळला. समोरचा बोलेल तेवढंच हातात आणायचं, पदरचं काही घालायचं नाही. दादा कारखान्याजवळच्या एका इमारतीत राहायचा. तिथे अकरा बिऱ्हाडं, सगळी ऐकू न येणाऱ्यांची. वहिनीही तशीच. भाजी चिरताना सुरी खाली ठेवल्याशिवाय तिला भांडता यायचं नाही, म्हणून दादा नेमकी तेव्हाच तिची खोडी काढायचा.

“आमचा रस्ता यंदा करणार होतात ना, वन्सं?” वहिनी हातांनी विचारायची.

“मी कुठे? मंत्री म्हणाले.”

“मंत्री आम्हाला कुठे ऐकू येतात? तुम्हीच ऐकू येता. रस्ता तुम्ही खाल्लात.”

मग सगळी इमारत हसायची.

निवडणुकीला आठ दिवस होते तेव्हाची गोष्ट. सकाळी अकराच्या सुमारास कारखान्यात वायूची टाकी फुटली आणि भोंगा वाजला. बारा वाजता मंत्री स्वतः वाहिनीवर निवेदन द्यायला आले. कारखाना त्यांच्या मेव्हण्याचा, आणि वाहिनीच्या मालकांची दुसऱ्या वाहिनीची परवानगी त्यांच्याच टेबलावर अडकलेली. हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

ती रंगभूषेच्या खोलीत केस नीट करत होती. शेजारच्या खुर्चीत वृत्तनिवेदक हळू आवाजात बायकोशी फोनवर बोलत होता.

“पोरांना शाळेतून उचल आणि थेट आईकडे जा. सामान राहू दे. बातम्यांत काय सांगतील ते बघत बसू नकोस.”

तिच्या हातातला कंगवा थांबला. ती संपादकांकडे गेली.

“साहेब, तिकडे माझा भाऊ राहतो. खरं काय आहे?”

“खरं काय ते मंत्रीसाहेब सांगतीलच,” संपादक म्हणाले. “तुम्ही हात चालवा, बाई. डोकं आम्ही चालवतो.”

स्टुडिओत जाताना सगळ्यांनी फोन दाराबाहेरच्या खणात ठेवायचा नियम होता. तिचा तिथेच होता. परत बाहेर जायला वेळ मिळाला नाही, लाल दिवा लागला.

“भोंगा चाचणीचा होता,” मंत्री म्हणाले. “अफवांवर विश्वास ठेवू नका. कोणीही घर सोडू नका.”

खाली दाबायचा तळवा बाहेर फेकला असता, तर ‘थांबा’चं ‘निघा’ झालं असतं. एवढंच करायचं होतं. पण नेम आडवा आला. नेम की नोकरी, हे तिला पुढे कधी धड सांगता आलं नाही. तिने तळवा खाली दाबला.

बातम्या संपल्यावर धावत जाऊन तिने दादाला फोनवर ‘लगेच निघा’ असा संदेश पाठवला. फोन दादाच्या घरात राहिला होता आणि बातम्या बघून बाहेर आलेला दादा जिन्यात उभा होता. भोंगा ऐकून आसपासची माणसं कधीच पळाली होती. त्यांना बघून इमारतीतलेही निघाले होते. दादाने त्यांना अडवलं. हनुवटीवर बोट टेकवलं, मग तळवा खाली दाबला. ती म्हणतेय, थांबा. लोक माघारी फिरले.

वायूने पाचजणांचा जीव गेला. त्यांत वहिनी होती.

आठ दिवसांनी मंत्री निवडून आले. त्यांचं आभाराचं भाषण तिनेच हातात आणलं.

इमारतीत एकाने तिला उभ्या उभ्या विचारलं, “तुला माहीत होतं?” त्याची मुलगी गेली होती. ती काही सांगणार, तोच दादा मध्ये पडला. “तिला काय माहीत? आपल्यासारखंच तिलाही फसवलं.” ती गप्प राहिली. त्या दिवशी ते सोपं वाटलं.

पुढे ते अवघड होत गेलं. दादा दारोदार जाऊन तिची बाजू मांडायचा. सकाळी देवापुढे हात जोडले की तिला पुढचं काही म्हणता यायचं नाही. जोडलेले ते हातच दिसत राहायचे. देवाला सांगून भागण्यातलं हे नाही, हे तिला कळत होतं. महिन्याभराने ती दादाकडे गेली.

“मला माहीत होतं,” तिने हातांनी सांगितलं.

“कधीपासून?”

“बातम्यांच्या आधी पाच मिनिटं.”

दादाने स्वतःच तिच्यासाठी वाट काढली. “फोन बाहेर ठेवायला लावतात ना?”

“हो. पण हात माझ्याजवळ होते.”

ऐकणाऱ्याला नको ते ऐकू आलं तर कान मिटता येत नाहीत. दादाने डोळे मिटले.

तिने त्याच्या खांद्याला हात लावला. त्याने डोळे उघडले नाहीत. ती समोर बसून हातांनी सांगत राहिली, निवेदकाचा फोन, संपादक, लाल दिवा, सगळं. सांगून झालं तरी दादाचे डोळे मिटलेलेच होते.